स्टॉकटनला नवीन आलात? आधी नदीकाठ पायी फिरा

दर सप्टेंबरात आणि जानेवारीत ईशान्य इंग्लंडात, स्टॉकटनशेजारच्या मिडल्सब्रोतल्या टीसाइड विद्यापीठात मराठी मुलंमुली येतात. नॉर्थ टीज हॉस्पिटलात नर्स आणि डॉक्टर वर्षभर रुजू होत असतात, बिलिंगहॅम आणि विल्टनच्या रासायनिक कारखान्यांत इंजिनिअर येतात. पहिले काही आठवडे घर, बँक आणि कागदपत्रं यांतच जातात. त्याबद्दल विद्यापीठ आणि ऑफिस सांगतंच, म्हणून मी चारच गोष्टी सांगते. जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा, आजारी पडायची वाट पाहू नका. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स (घरामागे द्यायचा नगरपालिकेचा कर) माफ असतो, पण त्यासाठी विद्यापीठाचं पत्र कौन्सिलकडे आपणच पोचवायचं असतं. लायब्ररीचं कार्ड फुकट मिळतं, ते घ्या. आणि हिवाळ्याचं जॅकेट इथं येऊनच विकत घ्या.

आता मुद्द्याचं. आपली बहुतेक मंडळी घर, काम आणि सुपरमार्केट एवढ्यातच फिरतात आणि सुट्टी मिळाली की थेट यॉर्क, न्यूकॅसल नाहीतर एडिंबरा गाठतात. जिथं राहतो ते गाव पाहायचं राहूनच जातं. दोन वर्षं राहून गेलेल्या मुलांना टीज नदीवरच्या एका पुलाचं नाव सांगता आलं नाही, असं मी पाहिलंय, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. कारण स्टॉकटन-ऑन-टीज हे जगाच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदलेलं गाव आहे. त्या इतिहासाच्या जागा तुमच्या बसस्टॉपपासून पायी पोचता येईल इतक्या जवळ आहेत.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती कळली की बाकीचं आपोआप उलगडतं. या नदीवरचं बंदर शतकानुशतकं समुद्राच्या दिशेनं खाली खाली सरकत गेलं. आधी ते यार्मला होतं, मग स्टॉकटनला आलं, मग मिडल्सब्रोला गेलं, आणि आज ते मुखाजवळ टीसपोर्टला आहे. बंदर पुढं गेलं की मागच्या गावाला पोटापाण्याचं दुसरं काहीतरी शोधावं लागलं. इथली प्रत्येक जुनी इमारत, प्रत्येक पूल आणि प्रत्येक मोकळं पडलेलं मैदान या सरकण्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावरचं आहे.

आधी नकाशा डोक्यात बसवू. टीज पेनाइन पर्वतात क्रॉस फेलजवळ उगम पावते आणि सुमारे ८५ मैल वाहून उत्तर समुद्राला मिळते. स्टॉकटन तिच्या उत्तर काठावर, म्हणजे परंपरेनं डरहॅम परगण्यात. समोरचं थॉर्नबी दक्षिण काठावर, म्हणजे यॉर्कशरात. आज दोन्ही एकाच कौन्सिलखाली आहेत, तरी समारंभापुरते परगणे अजून नदीनंच विभागलेले आहेत. १९७४ ते १९९६ या काळात हा सगळा भाग क्लीव्हलँड नावाच्या परगण्यात होता. तो परगणा बरखास्त झाला, पण पोलिसांचं नाव अजून क्लीव्हलँड पोलीस असंच आहे आणि कित्येक ऑनलाइन फॉर्मवर पत्त्यात क्लीव्हलँड येतं, त्यामुळे गोंधळू नका. शेजारच्या आजोबांना मात्र ‘तुम्ही यॉर्कशरचे का?’ असं विचारण्याआधी ते नदीच्या कुठल्या बाजूला जन्मले ते विचारा. हा प्रश्न इथं मनापासून जिव्हाळ्याचा आहे.

रेल्वेबद्दलही आधीच सांगून ठेवते. यॉर्क, लीड्स, मँचेस्टरच्या गाड्या थॉर्नबी स्टेशनवरून सुटतात. स्टॉकटन स्टेशनवरून प्रामुख्यानं मिडल्सब्रो, सुंदरलँड, न्यूकॅसल. लंडनच्या थेट गाडीसाठी ईगल्सक्लिफ स्टेशन बघा. तिकीट काढताना तिन्ही नावं टाकून पाहा, वेळ आणि पैसे दोन्ही वाचतात.

फिरायला सुरुवात हाय स्ट्रीटपासून करा. ब्रिटनमधला सर्वात रुंद हाय स्ट्रीट आपलाच, असं स्टॉकटनकर अभिमानानं सांगतात. रस्ता इतका रुंद का, तर तो बाजारासाठी आहे. १३१० साली डरहॅमचे बिशप अँटनी बेक यांनी इथल्या बाजाराला सनद दिली. त्या काळी डरहॅमचे बिशप धर्मगुरू होतेच, शिवाय आपल्या मुलखात जवळजवळ राजासारखा कारभारही करत. त्यांचा एक किल्लाही इथं नदीकाठी होता. बुधवार आणि शनिवार हे इथले पूर्वापार बाजाराचे दिवस. भाजी सुपरमार्केटपेक्षा स्वस्त मिळते आणि संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळी गेलात तर आणखी स्वस्त. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या आणि आपली पिठं मात्र मिडल्सब्रोच्या दुकानांतच बघा.

रस्त्याच्या मधोमध लाल विटांचं टाउन हॉल उभं आहे. हे १७३५ चं बांधकाम. शेजारी १७६८ चा दगडी स्तंभ आहे आणि १८२५ ची शँबल्स नावाची जुनी मंडई आहे. टाउन हॉलपाशी जरा जास्त वेळ थांबा. या इमारतीत झालेल्या दोन मेजवान्यांनी या गावाचं नशीब ठरवलं, त्यांच्याकडे मी पुढं येतेच.

हाय स्ट्रीटवरच ग्लोब थिएटर आहे, १९३५ मध्ये उघडलेलं. २२ नोव्हेंबर १९६३ च्या रात्री बीटल्स इथं गायले, आणि त्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली. इथल्या वयस्कर माणसांना ती रात्र कोण कुठं होतं यासकट आठवते. पुढं थिएटर बंद पडलं, इमारतीला अवकळा आली आणि बऱ्याच वर्षांच्या दुरुस्तीनंतर २०२१ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. बाहेरून नुसतं बघू नका, एखादा कार्यक्रम ठरवून आत जा.

किल्ल्याचं मात्र काहीही उरलेलं नाही. इंग्लंडच्या यादवी युद्धानंतर, १६५० च्या दशकात, क्रॉमवेलच्या राजवटीत तो पाडला गेला. १९७० च्या दशकात त्याच जागेवर कॅसलगेट नावाचं शॉपिंग सेंटर उभं राहिलं आणि त्यानं हाय स्ट्रीट आणि नदी यांच्यामध्ये भिंतच घातली. गावात राहून नदी दिसेना, अशी अवस्था झाली. आता कौन्सिलनं ते सेंटर पाडलंय आणि हाय स्ट्रीटपासून थेट पाण्यापर्यंत जाणारं उद्यान करायला घेतलंय. दुकानं आधीच ओस पडत असताना एवढा खर्च कशाला, असं म्हणणारे शेजारी तुम्हाला भेटतील. मला स्वतःला हा निर्णय फार योग्य वाटतो. जे गाव नदीमुळे जन्मलं त्यानं नदीकडे पाठ करून बसणं चुकीचंच होतं.

याच हाय स्ट्रीटवर ५९ नंबरला जॉन वॉकर यांचं औषधांचं दुकान होतं. जन्म १७८१ चा, शिक्षण शल्यचिकित्सेचं, पण त्यात मन रमलं नाही म्हणून औषधविक्रेते झाले. रसायनांचे प्रयोग करायचा त्यांना नाद होता. लाकडी काडीच्या टोकाला अँटिमनी सल्फाइड आणि पोटॅशियम क्लोरेट डिंकात कालवून लावायचं, वाळवायचं, मग सँडपेपरची घडी करून काडी त्या घडीत दाबून ओढायची, की काडी पेटली! घर्षणानं पेटणारी ही पहिली काडी. त्यांच्या विक्रीच्या वहीत ७ एप्रिल १८२७ या तारखेला तिची पहिली विक्री नोंदलेली आहे, गिऱ्हाईक होते गावातलेच एक वकील. वॉकरनी पेटंट घेतलं नाही. लंडनमध्ये इतरांनी तशाच काड्या करून विकल्या, तरीही त्यांनी हक्क सांगितला नाही. १८५९ मध्ये ते वारले. त्यांच्या काडीच्या आधी चूल पेटवायची म्हणजे गारगोटी आणि पोलाद घासायचं, नाहीतर शेजारून विस्तव आणायचा. जगभरच्या स्वयंपाकघरातलं ते रोजचं काम या रस्त्यावरच्या एका माणसानं सोपं केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

फर्निचरची आवड असेल तर हेही लक्षात ठेवा की थॉमस शेरेटन १७५१ मध्ये याच गावात जन्मले. अठराव्या शतकाच्या शेवटच्या इंग्लिश फर्निचरच्या एका शैलीला त्यांचंच नाव आहे. आणि १९५७ ते १९६३ पंतप्रधान असलेले हॅरल्ड मॅकमिलन त्याआधी बरीच वर्षं स्टॉकटनचे खासदार होते. मंदीच्या काळात इथली बेकारी त्यांनी जवळून पाहिली. पुढं सरदारकी मिळाली तेव्हा त्यांनी किताबासाठी स्टॉकटनचंच नाव निवडलं.

आता त्या दोन मेजवान्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्टॉकटनचं बंदर चालू होतं, पण नदी मोठमोठी वळणं घेत, गाळ साठवत वाहायची. समुद्राकडून येणारी जहाजं वाऱ्याची आणि भरतीची वाट पाहत दिवसेंदिवस अडकून पडत. म्हणून मँडेल इथं नदीच्या मोठ्या वळणाची मान कापून सरळ कालवा खणला गेला. जेमतेम दोनशे-सव्वादोनशे यार्डांच्या या कामानं नदीतलं अंतर दोन मैलांहून जास्त कमी झालं. आज तुम्ही टीसाइड पार्कला खरेदीला जाता ना, ते त्याच जुन्या वळणाच्या परिसरात आहे. तिथं आधी घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं, ते १९८१ मध्ये बंद पडलं. जुन्या नदीचा उरलेला ओढा अजूनही जवळच वाहतो. गाडी लावून थोडं चाललात तर सापडेल.

कालवा खुला झाला तो दिवस १८ सप्टेंबर १८१०. संध्याकाळी टाउन हॉलमध्ये मेजवानी झाली. त्या मेजवानीत गावचे कायदेविषयक अधिकारी लेनर्ड रेझबेक यांनी सूचना मांडली की आता इथून डार्लिंग्टनच्या पलीकडच्या कोळशाच्या खाणींपर्यंत कालवा किंवा रेल्वे करता येईल का, हे पाहायला समिती नेमावी. समुद्र दोन मैलांनी जवळ आला, तसा कोळसाही जवळ यावा, हा साधा व्यापारी विचार. त्यातून पुढं जे झालं त्याची तिथं जेवायला बसलेल्यांपैकी कुणाला कल्पनाही नसणार.

कालवा की रेल्वे यावर दहा वर्षं वाद चालला. १२ फेब्रुवारी १८२० ला यार्मच्या जॉर्ज अँड ड्रॅगन या खानावळीत रेल्वेच्या बाजूची महत्त्वाची बैठक झाली. खानावळ अजून चालू आहे आणि बाहेर पाटी आहे. डार्लिंग्टनचे, क्वेकर या ख्रिस्ती पंथातले व्यापारी एडवर्ड पीज पैशाच्या आणि जिद्दीच्या बळावर मागं उभे राहिले. १८२१ मध्ये पार्लमेंटनं कायदा केला, जॉर्ज स्टीफन्सन इंजिनिअर झाले आणि २३ मे १८२२ ला स्टॉकटनमध्ये सेंट जॉन्स वेलजवळ पहिला रूळ घातला गेला.

२७ सप्टेंबर १८२५ ला लोकोमोशन हे इंजिन शिल्डनहून निघालं. चालवायला स्वतः स्टीफन्सन. पुढं झेंडा घेऊन एक घोडेस्वार, मागं कोळशाच्या आणि पिठाच्या वाघिणी, संचालकांसाठी एक डबा, आणि जागा मिळेल तिथं बसलेली, लोंबकळलेली शेकडो माणसं. दुपारी उशिरा गाडी स्टॉकटनच्या धक्क्यावर पोचली तेव्हा तोफांची सलामी झाली. रात्री पुन्हा त्याच टाउन हॉलमध्ये जेवण झालं, शंभराहून अधिक पाहुण्यांचं. पंधरा वर्षांपूर्वी जिथं कल्पना निघाली तिथंच ती साजरी झाली.

ही जागा बघायला ब्रिज रोडवर ४८ नंबरच्या छोट्या विटांच्या घरापाशी जा. वाहत्या रस्त्याच्या कडेला आहे, सहज नजरेतून सुटतं. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलंय की १८२५ मध्ये कंपनीनं पहिला प्रवासी इथं नोंदवला आणि मानवजातीच्या इतिहासात नवं युग सुरू झालं. पाटीचा मजकूर भव्य आहे, पण तपशील नीट समजून घ्या, कारण इथल्या लोकांना तो माहीत असतो. प्रवाशांची नियमित वाहतूक सुरुवातीची आठ वर्षं रुळांवरून घोड्यांनी ओढलेल्या डब्यांतूनच होत होती, इंजिन ओढायचं ते कोळसा. वेल्समध्ये याआधी १८०७ पासून घोड्यांच्या रेल्वेत प्रवासी बसत होते. स्टॉकटन-डार्लिंग्टनचं पहिलेपण हे की सर्वांसाठी खुल्या असलेल्या रेल्वेवर वाफेचं इंजिन पहिल्यांदा इथं चाललं. २०२५ मध्ये या घटनेला २०० वर्षं झाली, तेव्हा सगळ्या भागात उत्सवाचं वातावरण होतं.

आपल्याशी याचा धागा अगदी थेट आहे. जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा रॉबर्ट हाही मोठा रेल्वे इंजिनिअर. त्याच्या हाताखाली तयार झालेले जेम्स बर्कली हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनिअर म्हणून मुंबईला गेले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे जी पहिली गाडी धावली, ती त्यांच्या देखरेखीखाली बांधलेल्या मार्गावर, आणि बोरघाटातल्या चढाची आखणीही त्यांचीच. या धक्क्यापासून ठाण्यापर्यंत यायला रेल्वेला २८ वर्षंसुद्धा पुरी लागली नाहीत. मुंबई-पुणे प्रवासात खंडाळ्याच्या बोगद्यांत लहानपणी आरडाओरडा केलेल्या प्रत्येकानं ब्रिज रोडवरच्या त्या घरासमोर एकदा तरी उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

पुढं स्टॉकटनचं काय झालं? ज्या रेल्वेनं नाव दिलं तिनंच बंदर नेलं. कोळसा इतका येऊ लागला की स्टॉकटनपाशी नदीची खोली मोठ्या जहाजांना अपुरी पडायला लागली. एडवर्ड पीजचा मुलगा जोसेफ आणि त्याच्या भागीदारांनी १८२९ मध्ये खालच्या बाजूला मिडल्सब्रो नावाची शेतजमीन विकत घेतली. १८०१ च्या जनगणनेत तिथं २५ माणसं होती! १८३० च्या अखेरीला रूळ टीजवरच्या झुलत्या पुलावरून तिथवर गेले आणि कोळसा त्या नव्या धक्क्यावरून समुद्राला जाऊ लागला. १८५० मध्ये शेजारच्या एस्टन टेकड्यांत लोहखनिजाचा मोठा साठा सापडला, भट्ट्या पेटल्या आणि वेल्स, आयर्लंडहून माणसं कामाला आली. तुम्ही आज ज्या मिडल्सब्रोत शिकता ते शहर दोनशे वर्षांपूर्वी नव्हतंच. तिथली जवळजवळ प्रत्येक घराण्याची गोष्ट ‘आमचे पणजोबा बाहेरून कामाला आले’ अशी सुरू होते. हे कळलं की आपणही इथं वेगळं काही केलेलं नाही असं वाटतं, आणि पाय थोडे घट्ट रोवले जातात.

तिथलं लोखंड जगभर गेलं. सिडनीचा १९३२ चा हार्बर ब्रिज मिडल्सब्रोच्या डॉर्मन लाँग कंपनीनं बांधला. तिनंच नदीवर न्यूपोर्टचा उचलता पूल केला, तो १९३४ चा. त्याचा मधला रस्ता पूर्वी जहाजांसाठी सबंधच्या सबंध वर उचलला जायचा. १९११ चा ट्रान्सपोर्टर ब्रिज तर या भागाची खूणच आहे. वर उंच लोखंडी सांगाडा आणि खाली तारांनी टांगलेला तराफा, त्यावर गाड्या आणि माणसं चढून पलीकडे जात. २०१९ पासून दुरुस्तीअभावी ती वाहतूक बंद आहे आणि ही गोष्ट लोकांना लागून राहिलेली आहे. २०१५ मध्ये रेडकारचा पोलादाचा कारखाना बंद पडला आणि टीजकाठचं सुमारे १७० वर्षांचं लोहयुग संपलं. टॅक्सीचालक, हॉस्पिटलातले पेशंट, तुमचे घरमालक, यांच्यापैकी कुणी ना कुणी तिथं काम केलेलं असतं. विषय निघाला तर घाई न करता ऐका. मला तरी इथला इतिहास सर्वांत जास्त अशा ऐकण्यातूनच कळला.

थॉर्नबीच्या बाजूच्या टीसडेल भागात आज काचेची ऑफिसं आणि फ्लॅट दिसतात, तिथं हेड राइटसन कंपनीचा मोठा लोखंडाचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर सप्टेंबर १९८७ मध्ये पंतप्रधान मार्गारेट थॅचर त्या उजाड जागेवरून एकट्या चालताना काढलेला फोटो देशभर गाजला. बेकारीनं पिचलेल्या उत्तर इंग्लंडचं ते चित्रच झालं. आपले बरेच विद्यार्थी आता त्याच जागेवरच्या फ्लॅटमध्ये राहतात.

त्या जागेचं रूप पालटायला सर्वांत जास्त कारण ठरला तो टीज बॅराज, १९९५ मध्ये सुरू झालेला बंधारा. आधी भरतीचं पाणी पार वरपर्यंत शिरायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा आणि कारखान्यांच्या सांडपाण्यानं नदीला वास मारायचा. बंधाऱ्यानं समुद्राचं पाणी खालीच अडवलं. वर जवळजवळ यार्मच्या पलीकडेपर्यंत गोड्या पाण्याची एकसारखी पातळी राहते. माशांना वर जाता यावं म्हणून वेगळी वाट ठेवलेली आहे, आणि त्या वाटेच्या तोंडाशी सील दबा धरून बसलेले असतात. पहिल्यांदा सील पाहायला समुद्रावर जायची गरज नाही, बॅराजच्या खालच्या बाजूला कठड्याशी दहा मिनिटं उभे राहा. शेजारीच खळाळत्या पाण्यात कयाक चालवायचं केंद्र आहे. तिथं पाणी वर चढवायला मोठाले आर्किमिडीज स्क्रू बसवलेत, आणि पाणी जास्त असेल तेव्हा तेच उलटे फिरून वीज तयार करतात. मेकॅनिकलवाल्यांनी ते मुद्दाम बघावेत.

बॅराजपासून वरच्या बाजूला पायवाटेनं चालत आलात की इन्फिनिटी ब्रिज लागतो. २००९ चा, फक्त पायी आणि सायकलनं जायचा. एक कमान मोठी, एक लहान. संध्याकाळी वारा पडलेला असला की कमानी आणि त्यांचं प्रतिबिंब मिळून गणितातलं अनंताचं चिन्ह पाण्यावर पूर्ण होतं. फोटो काढायचा तर पुलावरून निघत नाही, काठावरून, थोडं लांब जाऊन काढा. या फेरीला रमतगमत दोन तास पुरतात आणि वाट बहुतेक सपाट आहे, त्यामुळे आई-बाबा आले की त्यांनाही नेता येईल. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात पावणेचारलाच अंधार होतो, तेव्हा थंडीतली फेरी दुपारच्या जेवणाआधीच उरका.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. बंधाऱ्यामुळे पाणी शांत दिसतं, पण ते खोल आहे आणि उन्हाळ्यातही बर्फासारखं गार असतं. चांगलं पोहता येणाऱ्याचाही अशा पाण्यात पडल्याबरोबर श्वास अडकतो. गरम दिवस आहे म्हणून उडी मारू नका. कुणी पडलंच तर मागोमाग उतरू नका, काठावरची जीवरक्षक रिंग फेका, ९९९ ला फोन करा आणि फायर सर्व्हिस मागा. गणपतीचं विसर्जनही घरी बादलीत करा, मूर्ती मातीचीच आणा.

यार्मसाठी एक सबंध शनिवार ठेवा. स्टॉकटनहून बसनं सहज जाता येतं. नदीनं तिन्ही बाजूंनी कवेत घेतलेलं हे गाव मध्ययुगात टीजवरचं मुख्य बंदर होतं. १७७१ च्या सुमाराला स्टॉकटनला दगडी पूल झाला, मोठ्या जहाजांना तो ओलांडून वर जाणं अवघड झालं आणि यार्मचा व्यापार खाली गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात भयंकर पूर आला. हाय स्ट्रीटच्या मधोमध १७१० चं छोटं टाउन हॉल आहे, त्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा आहेत, १७७१ ची आणि १८८१ ची. खुणेशेजारी उभे राहा आणि ती तुमच्या शरीराला कुठवर येते ते पाहा, म्हणजे नदीचा आवाका कळेल. आता पूर अडवायच्या भिंती आणि दारं आहेत. तरीही नदीजवळ घर भाड्यानं किंवा विकत घेत असाल तर सरकारी संकेतस्थळावर पिनकोड टाकून पुराचा धोका बघूनच सही करा.

गावाच्या डोक्यावरून ४३ कमानींचा रेल्वेपूल जातो, १८४९ ते १८५१ मधला. त्यात सुमारे सत्तर लाख विटा आहेत. घरांच्या परसांतून त्याचे खांब वर गेलेले दिसतात. यार्मचे कॅफे महाग आहेत, घरून डबा न्या आणि नदीकाठी बसून खा.

येता-जाता प्रेस्टन पार्क म्युझियमला थांबा. आत व्हिक्टोरियन काळचा अख्खा रस्ता उभा केलाय, मुलं तिथून निघत नाहीत. माझं सांगणं मात्र एका चित्रासाठी आहे. सतराव्या शतकातले फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर यांचं ‘फासे खेळणारे’ इथं लावलेलं आहे. मेणबत्तीच्या उजेडात फाशांभोवती वाकलेले चेहरे आणि चिलखतावर पडलेली चमक. याच चित्रकाराची चित्रं पाहायला लोक पॅरिसच्या लूव्रमध्ये गर्दी करतात. इथं तुम्ही त्याच्यासमोर हवा तितका वेळ उभे राहू शकता.

ऑगस्टच्या सुरुवातीला स्टॉकटनला रिव्हरसाइड फेस्टिव्हल भरतो, १९८८ पासून. हाय स्ट्रीटवर आणि नदीकाठी रस्त्यावरची नाटकं, कसरती, मिरवणुका, बहुतेक सगळं फुकट. बिलिंगहॅमचा लोकनृत्य महोत्सव १९६५ पासूनचा. मिडल्सब्रोला उन्हाळ्यात मेळा भरतो, तिथं आपली माणसं हमखास भेटतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये मिडल्सब्रोत दंगल झाली, परदेशी दिसणाऱ्यांना लक्ष्य केलं गेलं, हे तुम्ही येण्याआधी ऐकलं असेल आणि घरच्यांना काळजीही वाटली असेल. ते खरं आहे आणि त्या दिवसांत आम्हीही मुलांना घरातच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू आणि कचऱ्याच्या पिशव्या घेऊन शेकडो स्थानिक माणसं रस्ते साफ करायला उतरली, हेही तितकंच खरं आहे. काही त्रास झाला तर गप्प बसू नका. विद्यापीठाला किंवा नोकरीच्या ठिकाणी सांगा, आणि पोलिसांकडे नोंदवा. तातडीचं नसेल तर १०१ आहे.

या सगळ्यानंतर एखादी सुट्टी शिल्डनला द्या. मूळ लोकोमोशन इंजिन तिथल्या रेल्वे संग्रहालयात ठेवलंय, प्रवेश फुकट आहे. डार्लिंग्टनहून बिशप ऑकलंडकडे जाणाऱ्या गाडीत बसा, शिल्डन स्टेशनला उतरलं की संग्रहालय हाकेच्या अंतरावर. वाटेत डार्लिंग्टनला नॉर्थ रोड स्टेशनजवळ होपटाउन हे २०२४ मध्ये उघडलेलं दुसरं रेल्वे संग्रहालय आहे, तेही त्याच मार्गावर. लहान मुलं बरोबर असतील तर दोन्ही एका दिवसात करू नका, सकाळी शिल्डन करा आणि होपटाउन पुढच्या खेपेला ठेवा. निघण्याआधी संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे ना ते बघून घ्या, आणि रविवारच्या गाड्यांचं वेळापत्रकही.